वाचक विचारतात : धरमपेठेचा पाऊस आणि हिंगण्याचा पाऊस

या अंकाचे सदर नद्यांवर आहे. शाळेचे प्रकल्प, स्पर्धा परीक्षा, पूर आणि नदीजोड अशा चारही बाजूंनी प्रश्न आले. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची नावे न देता फक्त गाव दिले आहे.

मुलाला शाळेत प्रकल्प मिळाला आहे : आपल्या घरावर पडलेला पाऊस समुद्रापर्यंत कसा जातो? आम्ही नाग नदीपर्यंत आलो आणि अडलो. हिंगण्याचे आमचे नातेवाईक तर म्हणतात, त्यांच्याकडचे पाणी नाग नदीत येतच नाही. खरे काय? (धरमपेठ, नागपूर)

नातेवाईक बरोबर सांगतात.

तुमच्या छतावरचे पाणी नाल्यांतून नाग नदीत येते. ही नदी शहराच्या पश्चिमेला लावा गावाच्या टेकड्यांकडून निघते. अंबाझरी तलाव तिच्याच वाटेवर बांधलेला आहे. सीताबर्डीकडून ती पूर्वेला पारडीच्या दिशेने जाते, पुढे तिला पिवळी नदी मिळते आणि ते सगळे पाणी कन्हानात पडते. कन्हान कुही तालुक्यात अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. वैनगंगा पवनी, वडसा करत दक्षिणेला उतरते आणि गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धा नदीला भेटते. तिथून पुढे या एकत्र प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता ११३ किलोमीटर वाहून सिरोंचा-कालेश्वरमला गोदावरीत शिरते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून बंगालच्या उपसागराला मिळते.

आता हिंगणा. ते गाव वेणा नदीच्या काठी आहे आणि वेणेचा रोख दक्षिणेला आहे : बुटीबोरी, हिंगणघाट आणि मग वर्धा नदी. म्हणजे अंबाझरी आणि हिंगणा यांच्यामध्ये कुठेतरी एक बुटका उंचवटा आहे. रस्त्याने जाताना तो जाणवतही नाही. त्याच्या एका उतारावरचा थेंब वैनगंगेचा, दुसऱ्या उतारावरचा वर्धेचा. शहरात काही किलोमीटरवर दुरावलेले हे दोन थेंब थेट चपराळ्याला एकत्र येतात. प्रकल्पात हेच दाखवा, नुसत्या नावांच्या साखळीपेक्षा त्याला जास्त गुण मिळायला हवेत.

या उंचवट्यावरची, दोन नद्यांचे पाणी वेगळे करणारी दुभाजक रेषा नकाशावर काढणे नववीच्या मुलाला जमते. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. जुन्या क्रमांकानुसार नागपूर शहर ५५ ओ/४ मध्ये येते आणि पश्चिमेचा शेजारी नकाशा ५५ के/१६. तुम्हाला दोन्ही लागतील, कारण ७९ अंशांचे रेखावृत्त शहराच्या पश्चिम कडेजवळून जाते आणि नकाशा तिथेच तुटतो. आधी निळ्या पेन्सिलीने नाग नदीला येणारे सगळे नाले गिरवा, मग दुसऱ्या रंगाने वेणेचे. दोन रंगांच्या टोकांमध्ये जी रिकामी पट्टी उरते, त्यातच दुभाजक रेषा आहे. आता समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघा. रेषेचा बाक चढाच्या दिशेने टोकदार होत असेल तर तिथे नाला आहे, उताराच्या दिशेने फुगत असेल तर तिथे सोंड (उंचवट्याची पुढे आलेली कड) आहे. सोंडेसोंडेवरून पेन्सिल नेत उंचीचे आकडे जोडत जा. दोन गोष्टी सांभाळा : तुमच्या रेषेने एकही नाला ओलांडता कामा नये, आणि समोच्चरेषा तिने शक्यतो काटकोनात कापायला हवी.

चुका कुठे होतात? सपाट भागात. या नकाशांवर दोन समोच्चरेषांत बहुतेक ठिकाणी २० मीटरांचे अंतर असते आणि आपला उंचवटा त्याहून कमी असला तर तो दिसतच नाही. तिथे सुट्या उंचीच्या ठिपक्यांवर विसंबावे लागते. दुसरी चूक म्हणजे रेल्वेचा किंवा रिंग रोडचा भराव हाच दुभाजक समजणे. भरावाखालून मोऱ्या असतात, पाणी पलीकडे जाते. आणि पेंच धरणाचे कालवे तर नाल्यांच्या डोक्यावरून जातात, त्यांना नदी समजून रंगवू नका.

एक आकडाही प्रकल्पात घाला. नागपुरातल्या झिरो माइलच्या स्तंभावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट कोरलेली आहे, म्हणजे साधारण ३११ मीटर. नागपूरचा पाऊस समुद्राला मिळेपर्यंत एवढाच खाली उतरतो, तोही शेकडो किलोमीटर चालून. आपल्याकडच्या नद्या मोठ्या पुरात पसरतात, घुसत नाहीत, याचे एक कारण हा मंद उतार. शहरातल्या नाल्यांना मात्र हे लागू नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला तेव्हा खालच्या वस्त्यांत पाणी काही तासांत घुसले. लहान पाणलोट, त्यावर सिमेंट आणि मध्ये अरुंद झालेले पात्र, असा तो वेगळाच हिशेब आहे.

सिंधू नदीची लांबी एका पुस्तकात २,८८० किलोमीटर, दुसऱ्यात ३,१८०. ब्रह्मपुत्रेचेही तसेच. मुलांना काय शिकवू? (कामठी, शिक्षिका)

दोन्ही पुस्तकांनी मोजले ते खरेच, पण वेगवेगळ्या ठिकाणाहून. नदी कुठे सुरू होते हे ठरवण्याची एकच रीत नाही. कोणी मुखापासून सर्वांत दूरचा झरा धरतो, कोणी परंपरेने मानलेला उगम धरतो. गंगेची २,५२५ किलोमीटर ही लांबी गोमुखाच्या भागीरथीपासूनची आहे, पण गंगा हे नाव मात्र देवप्रयागला अलकनंदा मिळाल्यावर सुरू होते. तिबेटातल्या उगमांविषयीची माहिती गेल्या काही दशकांत बदलत गेली, म्हणून सिंधू आणि ब्रह्मपुत्रेचे आकडे जास्त डळमळतात. मुखाकडेही तोच घोळ : त्रिभुज प्रदेशात कोणत्या फाट्याने समुद्र गाठायचा?

तिसरे कारण वर्गात करून दाखवता येते. कन्हान नदीचा एखादा वळणावळणाचा तुकडा १:५०,००० च्या नकाशावर घ्या. या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. कंपासपेटीतला कर्कटक (दोन्ही टोकांना सुई असलेला) अर्ध्या सेंटिमीटरवर उघडा आणि नदीच्या मध्यावरून पावले टाकत जा, प्रत्येक पाऊल २५० मीटरचे. मग तोच तुकडा २ सेंटिमीटरच्या पावलांनी मोजा. दुसऱ्यांदा लांबी कमीच भरेल, कारण मोठे पाऊल वळणे कापून जाते. शाळेच्या नकाशावहीत, जिथे १ सेंटिमीटर म्हणजे कैक किलोमीटर, तिथे ती वळणे छापलेलीच नसतात. दोऱ्याने मोजायचे असेल तर सुती दोरा ओला करून वापरा, म्हणजे तो कागदाला चिकटून वळतो. नायलॉनचा ताणला जातो आणि वळणावर उडी मारतो. मोजणी दोन वेळा, उलट दिशेने करा. फरक शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त आला तर पुन्हा.

परीक्षेपुरते सांगायचे तर पाठ्यपुस्तकाचा आकडा लिहा, आणि प्रश्नात "भारतातील लांबी" आहे की "एकूण लांबी" हे आधी वाचा. गोदावरी १,४६५, कृष्णा सुमारे १,४००, नर्मदा १,३१२, महानदी ८५१, कावेरी ८०० आणि तापी ७२४ किलोमीटर हे आकडे स्थिर आहेत, कारण या नद्या सगळ्याच्या सगळ्या देशात आहेत. सिंधूचे भारतातले अंतर १,११४ आणि ब्रह्मपुत्रेचे ९१६ किलोमीटर असे पुस्तकांत देतात.

खरे तर लांबीपेक्षा खोऱ्याचे क्षेत्रफळ शिकवावे. लांबी सांगते नदी किती फिरली, क्षेत्रफळ सांगते ती किती जमिनीचे पाणी वाहते. गोदावरीचे खोरे ३ लाख १२ हजार ८१२ चौरस किलोमीटर, कृष्णेचे २ लाख ५८ हजार ९४८, महानदीचे १ लाख ४१ हजार ५८९, नर्मदेचे ९८ हजार ७९६, कावेरीचे ८१ हजार १५५, तापीचे ६५ हजार १४५. नर्मदा लांबीत महानदीला दीडपटीने मागे टाकते आणि खोऱ्यात तिच्या मागे राहते, हे मुलांना एकदा दाखवले की त्या नद्यांचे आकार डोळ्यांसमोर येतात : एक लांब अरुंद पट्टी, दुसरी पसरट वाटी.

मुलताईला तापीचे कुंड पाहिले. वर्धा नदीही तिथूनच जवळ निघते असे कळले. मग एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला कशी? आणि गोदावरी पश्चिम समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावून उलटी का जाते? (काटोल)

तुमच्या स्टेशनवरून इटारसीच्या गाडीत बसा, दिवसाउजेडी. काटोलचे पाणी जाम नदीतून वर्धेला जाते. पांढुर्ण्यानंतर गाडी सातपुड्यावर चढू लागते. मुलताईच्या पठारावर एकीकडे वर्धा आणि दुसरीकडे तापी. बैतूल येते तेव्हा तुम्ही माचना नदीच्या, म्हणजे तवेच्या आणि पर्यायाने नर्मदेच्या खोऱ्यात शिरलेले असता. गाडी नागपूरहूनच पकडलीत तर सुरुवातीला कळमेश्वरच्या बाजूला कन्हान-वैनगंगेचे खोरेही पार होते. एका दुपारच्या प्रवासात गोदावरी, तापी आणि नर्मदा, आणि दोन समुद्र. देशात अशा जागा थोड्या आहेत. अमरकंटक ही त्यांतली नावाजलेली : नर्मदा तिथून पश्चिमेला जाते, शोण उत्तरेला वळून गंगेला मिळते. पण बैतूल-मुलताईचे पठार नागपूरकराला जवळचे आणि शिकायला जास्त सोपे.

दिशेचे उत्तर उतारात आहे. दख्खनचे पठार एकूण पूर्वेकडे कललेले आहे आणि त्याची उंच कड पश्चिमेला आहे, ती म्हणजे सह्याद्री. गोदावरी ब्रह्मगिरीवर, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर जन्मते, पण ती कडेच्या आतल्या बाजूला जन्मते. तिच्यापुढे पश्चिमेला भिंत आणि पूर्वेला उतार. कृष्णा, कावेरी यांचेही तेच.

नर्मदा आणि तापी हा अपवाद आहे. सातपुड्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला जमीन लांबट पट्ट्यांत खचलेली आहे, या खचदऱ्यांतून त्या दोघी वाहतात आणि दऱ्यांचा रोख पश्चिमेला आहे. म्हणून त्यांची खोरी अरुंद, पात्रे बरीचशी सरळ. खंबातच्या आखातात भरती-ओहोटी जबरदस्त असते, आलेला गाळ ती पसरवून टाकते. त्यामुळे त्यांच्या मुखाशी खाडी आहे, गोदावरीसारखा त्रिभुज प्रदेश नाही. "पश्चिमवाहिनी नद्या त्रिभुज प्रदेश बनवत नाहीत" हे वाक्य मुले पाठ करतात, पण कारण पश्चिम दिशा हे नाही. अरुंद खोरे, खडकाळ वाट आणि भरतीचा जोर ही कारणे लिहिली तरच उत्तर पूर्ण.

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की बातमीत कधी क्युमेक, कधी क्युसेक, कधी टीएमसी, कधी दलघमी. आम्ही काठावरच्या माणसांनी यातून काय समजायचे? आमच्यापर्यंत पाणी कधी येईल हे कसे काढायचे? (पवनी आणि आरमोरी तालुक्यांतून तीन पत्रे)

दोन एकके वेगाची आहेत आणि दोन साठ्याची, इथेच गल्लत होते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, हजार लिटर. एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. साठ्याच्या बाजूला दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर आणि टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. वेगावरून साठ्यात यायचे असेल तर एक आकडा पाठ ठेवा : ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडले की एक टीएमसी होते. क्युमेकमध्ये हिशेब आणखी सोपा. क्युमेकच्या आकड्याला ०.०८६४ ने गुणा, दिवसाचे दलघमी मिळतात.

उदाहरण घेऊ. विसर्ग ५,००० क्युमेक आहे. म्हणजे सुमारे १ लाख ७७ हजार क्युसेक. दिवसभरात ४३२ दलघमी. गोसेखुर्दचा उपयुक्त साठा सुमारे ७४० दलघमी आहे, म्हणजे या वेगाने तो अख्खा साठा ४१ तासांत निघून जाईल, किंवा एवढीच आवक असेल तर ४१ तासांत भरेल. धरण असताना पूर का येतो, असे पत्रांत रागाने विचारले आहे. उत्तर या आकड्यात आहे. धरणाच्या वर सुमारे ३५ हजार चौरस किलोमीटरचे पाणलोट आहे. त्यावर सरासरी ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले ३० टक्के वाहून आले असे धरले तरी ५२५ दलघमी पाणी होते. ऑगस्टअखेर धरण भरत आलेले असते, तेव्हा आले तेवढे सोडण्यावाचून पर्याय नसतो. पावसाच्या आधीच जागा रिकामी केली असेल तरच धरण पुराची उंची कापू शकते, आणि त्यासाठी वरच्या राज्यातून वेळेवर निरोप हवा. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून मोठा विसर्ग झाला आणि भंडारा ते गडचिरोली वैनगंगेने हाहाकार उडवला, तो या साखळीचाच प्रकार.

३० टक्के हा आकडा वर्षभर सारखा नसतो. जूनमध्ये काळ्या जमिनीला भेगा असतात, मामा (माजी मालगुजारी) तलाव कोरडे असतात, धानाच्या बांध्या (खाचरे) रिकाम्या असतात. पहिले ५०-६० मिलिमीटर त्यातच जिरते, नदीला फारसे काही कळत नाही. तोच पाऊस पोळ्याच्या सुमारास पडला तर बहुतेक वाहून येतो. म्हणून पावसाच्या आकड्याबरोबर महिना बघा.

आता पाणी कधी येईल. भरलेल्या नदीचा वेग सेकंदाला एक ते दीड मीटर धरला तर पाणी दिवसाला ८५ ते १३० किलोमीटर जाते. तुमच्या गावापर्यंतचे अंतर नदीच्या वळणांनी मोजा, रस्त्याने नको, आणि त्यावरून तास काढा. हा अंदाज सोडलेले पाणी पात्रात मावत असेल तोवर चालतो. पाणी थडी ओलांडून शेतांत पसरले की पुराचा माथा रेंगाळतो, उशिरा येतो आणि जास्त वेळ थांबतो. पात्राजवळच्या एखाद्या पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायरीवर रंगाच्या खुणा करून ठेवा आणि प्रत्येक मोठ्या विसर्गाला किती क्युमेकला पाणी कुठे आले ते लिहीत जा. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या गावाचा स्वतःचा तक्ता तयार होतो. दरवाजे किती, अर्धा मीटर की एक मीटर, यावरून अंदाज बांधू नका. धरणातली पातळी बदलली की तेवढ्याच उघडलेल्या दरवाजातून वेगळे पाणी निघते.

वैनगंगेच्या मुख्य पात्रापेक्षा धोकादायक असतो तो थोपलेला नाला. मोठी नदी भरून वाहत असली की तिला मिळणाऱ्या उपनदीचे पाणी आत शिरू शकत नाही, ते मागे फुगते. आरमोरी-गडचिरोली रस्ता पाल आणि काठाणी नद्यांवर बंद पडतो तो बऱ्याचदा यामुळे. भामरागडला पर्लकोटा फुगते तीही इंद्रावतीने वाट अडवल्यावर. अशा ठिकाणी तुमच्या गावात पाऊस नसला तरी पाणी चढते, आणि ते उलट्या दिशेने येते.

गोदावरीच्या खालच्या भागात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे मोजमाप फुटांत असते. भद्राचलमला ४३ फुटांवर पहिला, ४८ वर दुसरा आणि ५३ वर तिसरा इशारा देतात. १९८६ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ७५.६ फुटांवर गेले होते, जुलै २०२२ मध्ये ७१.३ वर. आपल्या वर्धा-वैनगंगेचे पाणी त्या मोजपट्टीवर दिसते.

वैनगंगा आणि वर्धा मिळाल्यावर नाव बदलते, पण प्राणहिता गोदावरीत गेल्यावर गोदावरीच राहते. मुख्य नदी कोणती हे ठरवतात कसे? (महाल, नागपूर, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी)

ठरवत नाहीत, रूढ होते. लांबी, पाणी, सरळ रेषा हे निकष भूगोलाने नंतर लावले, नावे त्याआधीची. वैनगंगा सुमारे ५७९ किलोमीटर आणि वर्धा ५२८, दोघी तोडीस तोड, म्हणून कोणाचेच नाव पुढे गेले नाही असे फार तर म्हणता येईल. कालेश्वरमला तर गंमत आहे. तिथपर्यंत गोदावरीचे खोरे आणि प्राणहितेचे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटरचे खोरे जवळपास सारख्याच आकाराचे आहे. गोदावरीचा वरचा भाग मराठवाड्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यातून येतो, त्यात जायकवाडीपासून एकामागून एक धरणे. प्राणहिता पूर्व विदर्भाच्या भरपूर पावसाची. संगमावर पाण्याचा मोठा वाटा कोण आणते हे सांगायला नको, नाव मात्र त्र्यंबकेश्वरहून आलेलीचे. प्रयागलाही असेच : तिथवर यमुना गंगेपेक्षा लांब आहे आणि चंबळीसारख्या उपनद्यांमुळे पाणीही जास्त आणते.

परीक्षेला जुळ्या नावांचे सापळे असतात. पूर्णा एक गोदावरीची आहे आणि एक तापीची. भागीरथी हिमालयात आहे आणि बंगालमध्येही : फराक्क्याजवळ गंगेचा एक फाटा दक्षिणेला भागीरथी-हुगळी म्हणून जातो, मुख्य प्रवाह बांगलादेशात पद्मा होतो. ब्रह्मपुत्रा तिबेटात यारलुंग त्सांगपो, अरुणाचलात सियांग किंवा दिहांग, आसामात दिबांग आणि लोहित मिळाल्यावर ब्रह्मपुत्रा, बांगलादेशात जमुना. ही जमुना आणि दिल्लीची यमुना यांचा संबंध नाही.

थोडक्यात

*हिमालयातल्या नद्या बर्फामुळे बारमाही, मग आपल्या कन्हानला उन्हाळ्यात धार का उरत नाही?* (सावनेर) बर्फ हे अर्धेच उत्तर. सिंधूत बर्फाचा वाटा मोठा आहे. गंगेच्या मैदानी भागात मात्र मुख्य पाणी पावसाचेच, आणि उन्हाळ्यात गाळाच्या जाड थरांतले भूजल नदीला पाझरत राहते. आपल्याकडे काळ्या जमिनीखाली बसाल्ट किंवा जुना कठीण खडक, तो साठवतो कमी. त्यात वर धरणे आहेत आणि पात्रातली रेती उपसली जाते. रेतीचा थर हाच नदीचा उन्हाळी साठा असतो. नाग नदी मे महिन्यातही वाहते हे खरे, पण ते पाणी पेंच-कन्हानचे, नळाने घरात आलेले आणि गटाराने बाहेर पडलेले.

*देशात सर्वांत जास्त पाणी कोणत्या नदीत?* (बुटीबोरी) केंद्रीय जल आयोगाचे जुने, पुस्तकांत रुळलेले वार्षिक सरासरी आकडे असे : ब्रह्मपुत्रा ५३७ अब्ज घनमीटर, गंगा ५२५, गोदावरी ११०, कृष्णा ७८, महानदी ६७, नर्मदा ४५.६, कावेरी २१.४, तापी १४.९. नंतरच्या फेरमोजणीत थोडे फरक झाले, पहिल्या तिघींचा क्रम तोच राहिला. याच यादीतली एक ओळ सहसा कोणी वाचत नाही : तापी ते कर्नाटकातली तद्री या किनाऱ्यावरच्या, म्हणजे मुख्यतः कोकण-गोव्याच्या, आखूड नद्या मिळून ८७ अब्ज घनमीटर पाणी समुद्रात नेतात. कृष्णेहून जास्त.

*मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेला कशी वाहते?* (चामोर्शी) वळणामुळे. मंद उताराची नदी एका काठाला खाते, दुसऱ्या काठावर रेती टाकते, वळण वाढत जाते आणि काही अंतर ती उलट दिशेला जाते. काशीला गंगा उत्तरवाहिनी आहे तीही अशीच. उतार मात्र कायम खालीच असतो.

*वैनगंगा-नळगंगा जोडणीने पाणी कुठून कुठे जाणार? आपोआप जाईल का?* (उमरेड रोड, नागपूर) राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिलेली ही योजना गोसेखुर्दचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्याने बुलढाणा जिल्ह्यात नळगंगेपर्यंत नेणार आहे. वाटेत नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला हे जिल्हे. नळगंगा तापीच्या पूर्णेला मिळते, म्हणजे बंगालच्या उपसागराचे पाणी अरबी समुद्राच्या खोऱ्यात जाईल. त्यासाठी दोन दुभाजक ओलांडावे लागतात : आधी वैनगंगा आणि वर्धेमधला, मग वर्धा आणि पूर्णेमधला. गोसेखुर्दची पूर्ण संचय पातळी २४५.५ मीटर आहे आणि झिरो माइल ३११ मीटरवर. पश्चिमेला जायचे तर पाणी उचलावेच लागेल, आपोआप जाणार नाही. उचलण्याचा ढोबळ हिशेब घरी करता येतो : एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला सैद्धांतिक ०.२७ युनिट वीज लागते, पंप आणि मोटारीची गळती धरली की सुमारे ०.३६ ते ०.४. योजनेची चर्चा ऐकताना किती टप्प्यांत एकूण किती मीटर उचल आहे आणि वर्षाला किती दलघमी, हे दोन आकडे विचारा. विजेचे बिल त्यावरून निघते, आणि त्या बिलाचा भार शेतकऱ्याच्या पाणीपट्टीत किती येणार हा त्यापुढचा प्रश्न.